दुसऱ्या ऑर्डरचं गणित

नवीन प्रॉडक्ट बाजारात आलंय हे तुम्हाला दुकानात गेल्यावर कळतं, दुकानदाराला सेल्समन सांगतो, आम्हाला मात्र त्याच्या कितीतरी आधी ठाऊक असतं. मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेबलं छापणाऱ्या एका छोट्या युनिटमध्ये आहे. लोणची, मसाले, केसांचं तेल, फिनेल, फेस वॉश, कुत्र्यांचा शाम्पू. जे काही बरणीत, बाटलीत किंवा पाऊचमध्ये भरून विकायचं त्याचं नाव, वजन, किंमत, पत्ता आधी माझ्या टेबलावरून जातं. प्रूफ, म्हणजे छपाईआधीचा नमुना, तपासायचं, चुका काढायच्या आणि पार्टीची, म्हणजे छापून घेणाऱ्याची, सही घ्यायची, हे माझं काम. सही करायला आलेली माणसं बोलतात. हॉल कुठला घेतलाय, पाहुणे कोण येणार, रील कोण करणार, पहिल्या महिन्यात किती माल जाणार. चहा संपेपर्यंत सगळा बेत ऐकून होतो.

त्यातलं पुढे काय चाललं हेही आम्हालाच लवकर कळतं. पेपरात फोटो येवो न येवो, लेबलं संपली की फोन येतो, "ताई, तेच परत छापायचंय. बदल काही नाही." हा फोन म्हणजे माल फिरतोय. बऱ्याच जणांचा तो येतच नाही. त्यांच्या छपाईच्या प्लेटा कपाटात पडून राहतात. आमचे मशीनवाले मामा दसऱ्याच्या साफसफाईत त्या बाहेर काढतात, उजेडाकडे धरून नाव वाचतात, "हे कोण हो आपलं?" असं मला विचारतात आणि पुन्हा होत्या तिथे ठेवून देतात. टाकायला त्यांचा हात धजत नाही.

बघून बघून माझं एक मत झालंय. लाँचचा बेत आखायचा तर तो पहिल्या दिवसाचा आखू नये, दुसऱ्या ऑर्डरचा आखावा. गिऱ्हाईक पहिल्यांदा घेतं ते ओळखीखातर घेतं, नवलाई म्हणून घेतं, स्टॉलवरच्या मुलीला नाही म्हणवत नाही म्हणूनही घेतं. दुसऱ्यांदा घेताना यातलं एकही कारण उरलेलं नसतं. त्या दुसऱ्या वेळेपासून मागे मागे येत तारीख, किंमत, पाकीट, माल सगळं ठरवलं की पहिला दिवस साधा असला तरी बिघडत नाही.

ठाण्याच्या माणसाने लाँचचा विषय काढायचा आणि १८५३ला हात लावायचा नाही, हे काही जमत नाही. १६ एप्रिल, दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी बोरीबंदरहून १४ डब्यांची गाडी निघाली. पुढे साहिब, सिंध आणि सुलतान अशी तीन इंजिनं, आत सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी, आणि ३४ किलोमीटरवर आपलं ठाणं. याहून मोठा लाँच इव्हेंट या देशात त्याआधी कुठल्या यंत्राच्या वाट्याला आला असेल असं मला वाटत नाही. पण गाडीतले ते चारशे जण पाहुणे होते, गिऱ्हाईक नव्हते. मला त्यातली जास्त आवडणारी तारीख वेगळीच आहे. १ मे १८५४. त्या दिवशी खाडी ओलांडून गाडी कल्याणपर्यंत गेली. वर्षभरात पुढचा टप्पा उघडतो म्हणजे पहिला टप्पा चालला होता. तोफा वाजल्याची नोंद सगळे ठेवतात, या तारखेची फारसं कुणी ठेवत नाही.

आमच्या नवी मुंबईत तर याचे दोन नमुने हल्लीच बघायला मिळाले. बेलापूर ते पेंधर मेट्रोचं काम २०११ साली सुरू झालं. रूळ तयार, ११ स्टेशनं तयार, गाड्यांच्या चाचण्या झालेल्या, आणि उद्घाटनाच्या प्रतीक्षेत सगळं नुसतं उभं. शेवटी १७ नोव्हेंबर २०२३ला कुणी फीत न कापताच मेट्रो सुरू झाली. तळोजाकडच्या लोकांनी पहिल्या दिवशी सेल्फी काढले आणि दुसऱ्या दिवसापासून गुपचूप ऑफिसला जायला लागले. विमानतळाचं उलट. ८ ऑक्टोबर २०२५ला थाटात उद्घाटन झालं, प्रवासी विमानं उडायला २५ डिसेंबर उजाडला. सरकारी कामात हे खपून जातं, कारण लोकांना दुसरी मेट्रो नसते. अनारशाच्या पिठाचं तसं नाही. आणि आमच्याकडे येणाऱ्या दहांपैकी आठ पार्ट्यांचा मामला विमानतळासारखाच असतो: समारंभ तयार, माल अजून यायचाय.

अनारशाच्या पिठाचं नाव उगाच नाही काढलं. ऐरोलीच्या एक वहिनी आहेत, त्यांचीच गोष्ट सांगायची आहे.

त्या पहिल्यांदा आल्या त्या २०२३च्या मार्चमध्ये, पाडव्याच्या आसपास. अनारशाचं तयार पीठ पाऊचमधून विकायचं होतं. लाँच अक्षय्य तृतीयेला, कारण मुहूर्त चांगला, साडेतीन मुहूर्तांतला. मी हो-हो म्हणत फॉर्म भरत होते. मामा मशीन पुसत होते, ते तिथूनच म्हणाले, "वहिनी, अक्षय्य तृतीयेला घरोघरी आमरस. अनारसा कोण खाणार?"

वहिनींना राग आला असावा, पण त्या मनाच्या मोकळ्या. घरी जाऊन त्यांनी पंचांग उघडलं. मुहूर्त शोधायला आधीही उघडलं होतंच, आता खाणारे शोधायला उघडलं. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी तोकडं पडतं, ती तूट भरायला ३२-३३ महिन्यांनी एक महिना जादा घेतात, तो अधिक महिना. त्यात जावयाला तीस-तीन अनारशांचं वाण द्यायची पद्धत. २०२३ला अधिक श्रावण होता, १८ जुलै ते १६ ऑगस्ट. म्हणजे ऐन महिनाभर, ज्या ज्या घरची मुलगी लग्न होऊन गेलीय त्या त्या घरात तेहतीस अनारसे लागणार, आणि घरी करणाऱ्या बायका दिवसेंदिवस कमी. इतकी मोठी मागणी, तारखेसकट, फुकटात पंचांगात छापून दिलेली असते. मार्केट रिसर्चवाल्यांना पैसे मोजणाऱ्यांनी एकदा ते बघावं.

मग तारखा मागे मोजत आणल्या. १८ जुलैला अधिक लागणार, तर माल जुलैच्या पहिल्या आठवड्यात दुकानात हवा, कारण वाणाची खरेदी बायका शेवटच्या दिवसावर ठेवत नाहीत. म्हणजे जूनमध्ये भरणी. म्हणजे मेअखेर पाऊच छापून हातात. म्हणजे मेच्या मध्यावर प्रूफवर सही. आणि प्रूफवर सही करायची तर त्याच्या आधी लॅबचा रिपोर्ट हवा, कारण पोषणमूल्यं आणि टिकण्याची मुदत मनाने लिहून चालत नाही. वरवर चार महिने हातात दिसत होते, मोजल्यावर हाती सहा-सात आठवडे राहिले. हे असं मोजायला बसलं की अर्ध्या लोकांचे चेहरे उतरतात. वहिनींनी कागद मागून घेतला आणि पर्समध्ये ठेवला.

आता अनारशाचं पीठ म्हणजे काय, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, उपसून फडक्यावर सावलीत पसरायचे, अजून ओलसर आहेत तोवर दळायचे, चाळायचे, गूळ मिसळून, तुपाचा हात लावून गोळे करून डब्यात मुरायला ठेवायचे. त्या ओलीवर आणि त्या मुरण्यावरच सगळी जाळी पडते. आणि नेमका तोच ओलसर गोळा पाऊचमध्ये बंद करून, पावसाळ्यात, दुकानाच्या फळीवर ठेवायचा होता.

वहिनींचे मिस्टर ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून रिटायर झालेले. भाऊ फार बोलत नाहीत. त्यांनी घरचं बाथरूम लॅब केलं. खिडकीला प्लास्टिक लावलं, गरम पाण्याच्या बादल्या ठेवल्या, कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून भरलेली पाऊचं टांगली, दार बंद. घरातल्यांनी अंघोळीला शेजारी जायचं. बादल्या दिवसातून दोनदा बदलायच्या, पाऊचं मोजायची, वहीत लिहायचं. वहिनी मला सांगत होत्या, "चौथ्या दिवशी बघते तर पाकिटं उशीसारखी फुगलेली. एकाला कात्री लावली तर ताडीचा वास." पीठ आंबलं होतं. लेबलावर तोवर आम्ही 'पारंपरिक पद्धतीने मुरवलेलं' असं ठळक अक्षरांत बसवलं होतं.

ही गोष्ट बाथरूममध्ये घडली, नौपाड्यातल्या दुकानात घडली नाही, याची किंमत किती ते मला इतर पार्ट्यांमुळे माहीत आहे. पाऊच फुगलेलं एकदा दुकानदाराने पाहिलं की तो ते परत करतोच, पण पुढच्या वेळी तुमच्या दुसऱ्या कुठल्या मालालाही दारात उभं करत नाही.

त्यांनी मग एका पाऊचमध्ये दोन पुड्या केल्या. एकीत तीन दिवस भिजवलेल्या तांदळाचं पूर्ण सुकवलेलं पीठ, दुसरीत गुळाची पावडर. घरी आणल्यावर मिसळायचं, तूप आणि लागेल तसा दुधाचा हात लावायचा, रात्रभर मुरू द्यायचं. 'मुरवलेलं' हा शब्द गेला. वहिनींना तो जाताना वाईट वाटलं, त्यांच्या सगळ्या जाहिरातीचा तोच तर गाभा होता. महापेच्या एका लॅबमध्ये नमुने गेले, रिपोर्ट आला, आम्ही पुन्हा प्रूफ काढलं.

प्रूफविषयी थोडं सांगते, कारण लाँचच्या याद्यांमध्ये याला कुणी ओळसुद्धा देत नाही. अन्न परवान्याचा १४ आकडी नंबर, हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका, उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, सर्व करांसह किंमत, पॅकिंगचा महिना, उत्पादकाचा पत्ता, तक्रारीसाठी फोन. हे सगळं कायद्याने लागतं, आणि वेष्टित वस्तूंच्या २०११च्या नियमांत कुठलं अक्षर किती उंच हवं इथपर्यंत लिहिलेलं आहे. माणसं नावाच्या फाँटवर तास घालवतात आणि मागच्या बाजूला "ते नेहमीचं टाका" म्हणतात. एका तिखटवाल्यांना बारकोडही लालच हवा होता, ब्रँडचा रंग म्हणून. स्कॅनरचा उजेड लाल असतो, लाल रेघा त्याला पांढऱ्याच दिसतात. काउंटरवर 'टीं' वाजत नाही. मग बिल करणारी मुलगी हाताने तेरा आकडे मारते, मागे रांग, पुढचं गिऱ्हाईक सुस्कारे सोडतंय. असं तीन-चारदा झालं की ती मॅनेजरला सांगते, हा माल कटकटीचा आहे. तुमचं तिखट कितीही झणझणीत असू दे, ते त्या फळीवरून कुणामुळे गेलं हे तुम्हाला कधीही कळत नाही. ते लोक ऐकले, बारकोड काळा झाला. सगळेच ऐकतात असं नाही.

वहिनींनी पहिली पन्नास पाऊचं कुणाला द्यायची यावर घरात वाद झाला. मुलाचं म्हणणं, नातेवाईक आणि सोसायटीचा ग्रुप, म्हणजे फोटो येतील, स्टेटस पडतील. वहिनी म्हणाल्या, नातेवाईक वा वा म्हणणारच. त्यांनी शोधून शोधून अशा बायकांना दिली ज्यांचे अनारसे दरवर्षी हमखास हसतात. तुपात सोडला की फुटून पसरतो, कढईभर भुगा होतो, आणि मग घरातले तो चमच्याने खातात. अशा बायका कुठल्याही वस्तीत मुबलक असतात, फक्त कबूल करत नाहीत. वहिनींनी पाऊच देताना एकच अट घातली: तळताना मी स्वयंपाकघरात उभी राहणार, आणि काही बोलणार नाही.

न बोलण्याचं त्यांना फार जड गेलं म्हणे. कुणी तेलात तळला. कुणी गॅस मोठा ठेवला. कुणी खसखशीची बाजू खाली केली, कुणी भजी परतावी तसा परतला. सूचना मागे छापलेल्या होत्या, बारा ओळी, व्यवस्थित. एकीनेही वाचल्या नाहीत. पाऊच फोडताना कात्री नेमकी त्याच मजकुरावरून गेली.

केलॉग्ज १९९४मध्ये आपल्याकडे आलं तेव्हाही असंच झालं होतं. त्यांचे कॉर्नफ्लेक्स थंड दुधासाठी बनवलेले, आपल्या घरांत सकाळचं दूध गरम. कुरकुरीत म्हणून जाहिरात केलेली वस्तू बशीत येईस्तोवर लगदा व्हायची. इतक्या मोठ्या कंपनीला जे अडलं ते वहिनींना ऐरोलीच्या स्वयंपाकघरांत उभं राहून कळलं, तेही लाँचच्या आधी. बारा ओळींच्या तीन झाल्या. 'तूप. गॅस बारीक. परतू नका.' त्या पुढच्या बाजूला, नावाच्या खाली, मोठ्या अक्षरांत आल्या. डिझायनरने नाक मुरडलं. त्याचं म्हणणं पाऊच औषधाच्या पुडीसारखं दिसतंय, आणि खरं सांगायचं तर दिसतही होतं.

किमतीवर तर मी एक वेगळाच लेख लिहू शकेन. लोक आधी 'लोकांना परवडेल' अशी किंमत छापतात आणि मग हिशेब करतात. समजा छापील किंमत १०० रुपये. त्यात दुकानदाराचे वीसेक, वितरक असेल तर त्याचे आठ-दहा, कर, पाऊच, खोका, टेम्पो, परत आलेला माल. हे काढून जे उरतं त्यात तांदूळ, गूळ, बायकांची मजुरी आणि तुमचं पोट. उलटीकडून हे करून बघा, घाम फुटतो. त्यात लाँच ऑफर. पहिला महिना निम्म्या किमतीत दिलं की गिऱ्हाइकाच्या डोक्यात तीच खरी किंमत बसते, आणि दुसऱ्यांदा घ्यायला गेल्यावर त्याला वाटतं भाव दुप्पट झाला. माझं स्पष्ट मत आहे, सुरुवातीला द्यायचंच असेल तर माल जास्त द्या, किमतीला हात लावू नका. किंमत हीच ओळख झाली की काय होतं ते नॅनोने दाखवलंय. जानेवारी २००८मध्ये दिल्लीच्या ऑटो एक्स्पोत पडदा उघडला तेव्हा जगभर बातमी झाली, मार्च २००९मध्ये गाडी बाजारात आली तेव्हा दोन लाखांहून जास्त बुकिंग झालं. पण दारात उभी राहिल्यावर शेजारी 'एक लाखवाली' म्हणणार, ही गोष्ट गाडी चांगली असूनही फिटली नाही. सगळ्यांत स्वस्त अशी तिची ओळख व्हायला नको होती, हे रतन टाटांनीही पुढे बोलून दाखवलं. पहिलं बुकिंग कुतूहलाचं होतं. शेजाऱ्याची बघून मलाही तीच हवी, हे म्हणणारे पुरेसे निघाले नाहीत.

वहिनींनी किंमत पूर्ण लावली आणि पाऊचमध्ये खसखशीची छोटी पुडी फुकट टाकली. खसखस महाग, त्यामुळे बायकांना ती लगेच दिसली.

लाँच असं काही झालंच नाही. जुलैच्या पहिल्या आठवड्यात ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, नौपाडा आणि कळव्यातल्या मोजक्या दुकानांत माल ठेवला, 'विकला की पैसे' या बोलीवर. जांभळी नाक्याच्या एका व्यापाऱ्याने विचारलं, जाहिरात कुठे केलीय? वहिनी म्हणाल्या, पंचांगात. तो हसला, पण खोका ठेवून घेतला.

त्याच सुमारास आमच्याकडे आणखी एका पार्टीची लेबलं छापून गेली होती. कुठली वस्तू ते सांगत नाही. वाशीच्या एका हॉटेलात बँक्वेट, टीव्हीवरची एक ओळखीची नटी, फुग्यांची कमान, प्रत्येक पाहुण्याला गिफ्ट हॅम्पर. मला आमंत्रण होतं, मी गेले, जेवण उत्तम होतं. रात्री घरी येऊन हॅम्पर उघडला, वस्तूही खरंच चांगली होती. पंधरा दिवसांनी मी घणसोलीत चार दुकानं पालथी घातली, कुठेच नाही. ॲपवर 'लवकरच येत आहे'. सगळा पैसा त्या संध्याकाळी गेला होता, दुकानात माल भरायला उरलाच नव्हता. मी दुसऱ्यांदा घ्यायला तयार होते, त्यांनी विकायला काही ठेवलं नव्हतं. त्यांच्या प्लेटा अजून आमच्या कपाटात आहेत, वरून दुसऱ्या कप्प्यात.

अधिक श्रावण सरला आणि १७ ऑगस्टपासून अनारशाच्या पिठाची विक्री शून्यावर आली. कमी नाही झाली, थेट शून्य. वहिनींना हे माहीत होतं, पंचांगाच्याच हिशेबात होतं, तरी माहीत असणं आणि रोज सकाळी फोन न वाजणं यात फरक आहे. त्यांनी दुकानांतून उरलेली पाऊचं स्वतः फिरून उचलून आणली, दुकानदारांना एक शब्द बोलायला लावला नाही. पावतीच्या वेळी ज्या बायकांनी आपणहून नंबर दिले होते त्यांची वही केली. आणि गप्प बसल्या.

हे गप्प बसणं कुठल्याही लाँचच्या तक्त्यात नसतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनवला तेव्हा लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, आणि पहिला नांगर विकायला त्यांना दोन वर्षं लागली असं सांगतात. त्या दोन वर्षांत काय केलं असेल माणसाने, हे मला नेहमी जाणून घ्यावंसं वाटतं. नांगर विकला गेल्यानंतरच्या गोष्टी सगळ्यांना पाठ आहेत. आताच्या काळात दोन वर्षं थांबायला कोण देतं म्हणा. गुंतवणूकदार दोन तिमाह्यांत हिशेब मागतो आणि घरचे दोन महिन्यांत.

वहिनींची दुसरी ऑर्डर सप्टेंबरच्या शेवटी आली, गणपती उठल्यावर. दिवाळी १२ नोव्हेंबरला होती. पहिल्या ऑर्डरच्या निम्मीसुद्धा नव्हती. आमचे शेठ फोनवर म्हणाले, एवढ्याशासाठी मशीन लावणं परवडत नाही. पण वहीतल्या बायकांना दिवाळीआधी मेसेज गेला होता आणि त्यांतल्या बऱ्याच जणींनी पुन्हा मागितलं होतं, जावई नसतानाही. माझ्या दृष्टीने त्या दिवशी ते प्रॉडक्ट लाँच झालं. लेबलात एकच बदल होता: चौथी ओळ. 'एका वेळी एकच सोडा.' ही ओळ नौपाड्यातल्या एका गिऱ्हाइकाने फोन करून सुचवली होती, तक्रारीच्या नंबरवर. तो नंबर कायद्याने छापावा लागतो म्हणून छापतात, आणि पुष्कळांचा लागतच नाही. वहिनींच्या घरी तो भाऊ उचलतात.

पुढच्या दोन्ही दिवाळ्या तशाच गेल्या, थोड्या थोड्या वाढत्या. मधल्या महिन्यांसाठी त्यांनी भाजणी आणली, थालीपिठाची आणि चकलीची. ती दर महिन्याला लागते, त्यामुळे दुकानातली फळी हातची जात नाही. एका अनारशावर घर चालत नाही, हे त्या पहिल्यापासून जाणून होत्या. भाजणीचं लेबल आमच्याकडे वर्षभर आधीच डिझाइन होऊन पडलं होतं.

यंदा पुन्हा अधिक आहे. अधिक ज्येष्ठ, १७ मे ते १५ जून २०२६. म्हणजे भर उन्हाळा, आंब्याचे दिवस, शाळांना सुट्ट्या, अर्धं ठाणं गावाला. श्रावणातल्या अधिकाची गणितं यात जशीच्या तशी बसणार नाहीत. माल एप्रिलमध्येच दुकानात हवा, कारण मुली-जावई सुट्टीत येतात तेव्हाच वाण उरकून घेणारी घरं खूप. गुळाची पावडर उन्हात गोळा होते का, यासाठी भाऊंनी या वेळी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीजवळ, पत्र्याखाली पाऊचं ठेवलीयत. वहिनींचा फोन थंडीतच आला.

"ताई, पाऊचवर 'अधिक मास विशेष' असं सोनेरी छापू या का? जावयाला द्यायचं म्हणजे जरा उठून दिसलं पाहिजे."

मी म्हटलं, छापू, पण पाऊचवर नको. १६ जूनला ती पाऊचं शिळी होतील. आतलं पीठ चांगलं असलं तरी वरचा मजकूर शिळा, आणि पुढचा अधिक यायला पुन्हा अडीच-तीन वर्षं. त्यापेक्षा गोल स्टिकर करू. उरलेल्या मालावरून सोलून काढता येईल, तोच माल दिवाळीपर्यंत चालेल, तारीख बघून.

"सोलताना खालची छपाई निघाली तर?"

मामांनी एक जुनं पाऊच घेतलं, त्यावर आमच्याकडचा साधा स्टिकर दाबून लावला, जरा वेळ दिव्याखाली धरला आणि नखाने सोलला. नावातलं एक अक्षर बरोबर निघून आलं. मग त्यांनी वरच्या फळीवरून दुसरा रोल काढला, सहज सुटणाऱ्या गमाचा, आणि तसंच केलं. या वेळी काही निघालं नाही. मी फोन स्पीकरवर टाकला.

"हा घ्यावा लागेल वहिनी," मामा म्हणाले. "पण नगामागे थोडा महाग पडेल."

"किती महाग?" वहिनींनी विचारलं, आणि तिकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.